बेने इस्रायल घराण्याची वंशावळ कशी शोधावी: कोकणातून इस्रायलला गेलेल्या कुटुंबांसाठी मार्गदर्शक

दिमोना, बेर शेवा, अश्दोद, लोद, रामला या इस्रायली शहरांत आज अशी कितीतरी कुटुंबे राहतात, ज्यांचे आडनाव ‘कर’ने संपते आणि ज्यांची मूळ गावे अलिबाग, पेण, रोहा, पनवेल किंवा मुरूड तालुक्यांत आहेत. १९४८ नंतरच्या काही दशकांत बेने इस्रायल या कोकणात रुजलेल्या मराठी भाषक यहुदी समाजाचा मोठा भाग मुंबई, पुणे, ठाणे आणि कोकण सोडून इस्रायलमध्ये स्थायिक झाला. मागे राहिलेली संख्या किती कमी आहे हे २०११ च्या जनगणनेवरून कळते. त्या वेळी सर्व यहुदी समाज मिळून संपूर्ण भारतात ४,६५० जणांची नोंद झाली. स्थलांतर करून गेलेल्या पिढीची बोलण्याची, भांडण्याची आणि पत्रे लिहिण्याची भाषा मराठी होती, तर त्यांच्या नातवंडांची भाषा हिब्रू आहे. घराण्याचा पुरावा मात्र अजूनही मराठीत, मोडीत आणि ब्रिटिश अमदानीतील इंग्रजीत पडून आहे. म्हणूनच या शोधात मराठी वाचता येणाऱ्या माणसाचे स्थान मोलाचे ठरते, मग तो स्वतःच्या पूर्वजांचा माग काढत असो किंवा परदेशातील एखाद्या नातेवाइकाला मदत करत असो.

इंग्रजीत ज्यू वंशावळीवर भरपूर मार्गदर्शन उपलब्ध आहे, पण त्यातील बहुतेक पूर्व युरोपातून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांना समोर ठेवून लिहिलेले आहे. जहाजांच्या प्रवासी याद्या, पोलंड-रशियातील नगरांच्या नोंदवह्या, थडग्यांवर कोरलेले कोहेनांचे, म्हणजे पुरोहित घराण्यांचे, आशीर्वादाचे हात यांवर त्यात भर असतो. बेने इस्रायलांमध्ये परंपरेने कोहेन किंवा लेवी, म्हणजे मंदिरसेवकांची, घराणी नाहीत आणि त्यांच्या इतिहासातील जुने दुवे युरोपातील दप्तरांत मिळणार नाहीत. येथे शोधाची किल्ली गावाच्या नावात आणि महसुली दप्तरात आहे. पुढील पायऱ्या त्याच समजुतीने मांडल्या आहेत.

पहिली पायरी: समाज निश्चित करणे

‘आमचे आजोबा मुंबईचे ज्यू होते’ एवढ्या माहितीवर काम सुरू करू नये. मुंबईत बेने इस्रायलांबरोबर बगदादी ज्यूही होते. डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास मुंबईत आले आणि त्यांच्या मागोमाग इराक व आसपासच्या प्रदेशातून आणखी कुटुंबे आली. त्यांची प्रार्थनास्थळे, दफनभूमी, विवाहसंबंध आणि कागदपत्रांची भाषा वेगळी होती. कोचीनच्या ज्यूंची भाषा मल्याळम होती. घरात मराठी बोलली जात असेल, एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, नावाने मलिद्याचा नैवेद्यासारखा विधी होत असेल आणि आडनावात किंवा निदान आजीच्या माहेरच्या आडनावात कोकणातील गाव असेल, तर कुटुंब बेने इस्रायल असल्याचे जवळजवळ नक्की समजावे. ‘सॅम्युएल’, ‘डेव्हिड’, ‘इझिकेल’ अशा आडनावांवरून मात्र काहीच ठरत नाही, कारण ती दोन्ही समाजांत आढळतात.

दुसरी पायरी: घरातील माणसे आणि घरातील कागद

कोणत्याही कार्यालयात अर्ज करण्याआधी घरातील सर्वांत वयस्कर माणसाशी बोलावे आणि ते बोलणे ध्वनिमुद्रित करावे. प्रश्न नेमके असावेत. ‘आपले मूळ गाव कोणते?’ असे विचारल्यास बहुधा आडनावातलेच गाव सांगितले जाते, आणि प्रत्यक्षात ते कुटुंब तीन पिढ्यांपूर्वीच तिथून उठलेले असते. त्याऐवजी मे महिन्याच्या सुटीत कुठे जात होता, घर कोणत्या आळीत होते, शेजारी कोण राहत होते, वाडीत काय पिकत होते, कोणत्या मशिदीत लग्न लागले, आजीचे माहेर कुठले, असे विचारावे. येथे मशीद म्हणजे सिनेगॉग, कारण जुने बेने इस्रायल लोक आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत. जुन्या पत्रांत किंवा दस्तांत हा शब्द दिसला, तर ते कुटुंब मुसलमान असावे असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

वयस्कर मंडळी तारखा सणांवरून सांगतात, तेव्हा तो सण जसाच्या तसा टिपून घ्यावा. बिरड्याचा रोजा, दारफाळणीचा सण, नव्याचा सण ही बेने इस्रायलांची जुनी मराठी नावे आहेत. बिरड्याचा रोजा म्हणजे यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा उपवास, जो साधारण जुलै-ऑगस्टमध्ये येतो. दारफाळणीचा सण म्हणजे योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस, जो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो. नव्याचा सण म्हणजे हिब्रू नववर्ष. ‘बिरड्याच्या रोजाच्या दुसऱ्या दिवशी तुझा आजोबा जन्मला’ हे वाक्य आणि वर्षाचा अंदाज हाती असेल, तर हिब्रू पंचांगावरून तारीख दोन-तीन शक्यतांपर्यंत आणता येते.

कागदांमध्ये केतूबा, म्हणजे विवाहकरार, सर्वांत मोलाचा आहे, कारण त्यात वर आणि वधू या दोघांच्याही वडिलांची नावे असतात. त्यानंतर शाळा सोडल्याचा दाखला, जुना भारतीय पासपोर्ट, रेशनकार्ड, भविष्य निर्वाह निधीचे कागद, रेल्वे किंवा गिरणीतील सेवापुस्तिका, छायाचित्रांच्या मागील मजकूर आणि प्रार्थनापुस्तकांची कोरी पाने पाहावीत. त्या कोऱ्या पानांवर मुलांच्या जन्मवेळा लिहिण्याची पद्धत अनेक घरांत होती.

इस्रायलमध्ये गेलेल्या घरांत आणखी एक कागदपत्रांचा गठ्ठा असू शकतो, ज्याबद्दल थोड्या नाजूकपणे विचारावे लागते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलच्या प्रमुख रब्बींनी बेने इस्रायल वधूवरांच्या विवाहाआधी त्यांच्या पूर्वजांची, शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत, चौकशी करावी असे निर्देश दिले. समाजाने त्याविरुद्ध मोठे आंदोलन केले आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्व बाबतींत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे असल्याचे ठरावाने स्पष्ट केले. ज्यांचे लग्न त्या वर्षांत ठरले, त्यांना आईच्या आईचे नाव आणि तिच्या विवाहाचा पुरावा भारतातून मागवावा लागला असण्याची शक्यता आहे. अपमानाच्या आठवणीमुळे हे कागद ट्रंकेच्या तळाशी गेलेले असतात. वंशावळ शोधणाऱ्याला मात्र, विशेषतः स्त्रियांच्या बाजूने, त्यांच्याइतकी सविस्तर माहिती दुसरीकडे क्वचितच मिळते.

तिसरी पायरी: एका माणसाची सर्व नावे एका जागी आणणे

नवशिक्यांचे सर्वांत मोठे नुकसान या टप्प्यावर होते, म्हणून येथे थोडा वेळ घ्यावा. एकच बेने इस्रायल माणूस मराठी कागदात एका नावाने, इंग्रजी कागदात दुसऱ्या नावाने आणि केतूबेत तिसऱ्या नावाने येतो. मुंबईतील पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणाऱ्या सुभेदार दिवेकरांचे उदाहरण घ्या. मराठीत ते समाजी हसाजी, इंग्रजीत सॅम्युएल इझिकेल, आणि हिब्रूत अर्थातच श्मुएल बेन यहेज्केल. आबाजी म्हणजे अब्राहम, ईसाजी म्हणजे इसहाक किंवा आयझॅक, मुसाजी म्हणजे मोशे किंवा मोझेस. स्त्रियांच्या बाबतीत गुंतागुंत आणखी वाढते. हिब्रू नाव राहेल किंवा लेआ असले, तरी घरात हाक मारण्याचे नाव शेजारच्या कुणबी-आगरी बायकांसारखेच असे आणि जमिनीच्या कागदावर अनेकदा तेच चढे.

आडनाव तर त्याहून अस्थिर असते. किहीमचे किहीमकर किंवा केहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, रोह्यासमोरच्या अष्टमीचे अष्टमकर, झिराडचे झिराडकर, नवगावचे नवगावकर, आवासचे आवासकर, दिवेआगरचे दिवेकर, अशी शंभराहून अधिक गावांची आडनावे समाजात आहेत. पण शाळेत किंवा नोकरीत नाव घालताना अनेकांनी ते गाळून वडिलांचे नावच आडनाव म्हणून लावले. मुंबईचे महापौर झालेले डॉ. ई. मोझेस, ज्यांच्या नावाचा रस्ता वरळी-महालक्ष्मी भागात आहे, ते राजपूरकर घराण्यातले होते, हे नुसत्या नावावरून कोणाच्याही लक्षात येणार नाही. काहींनी ‘इस्रायल’ हेच आडनाव घेतले. जंजिरा संस्थानचे कारभारी राहिलेले शालोम बापुजी यांचे मूळ आडनाव वारघरकर, पण सरकारी कागदांत ते इस्रायल या आडनावाने येतात. याचा परिणाम असा, की आजोबा, वडील आणि मुलगा यांची आडनावे तीन वेगवेगळी असू शकतात आणि त्यात कोणतीही चूक नसते.

यात लिप्यांची भर पडते. रोमन लिपीत लिहिल्यावर थळचे थळकर आणि तळ्याचे तळकर एकसारखे दिसू शकतात. हिब्रूत स्वर बहुधा लिहिले जात नाहीत, आणि प-फ तसेच ब-व या जोड्यांना एकेकच अक्षर आहे. त्यामुळे इस्रायलच्या नोंदीतून रोमन लिपीत परत आलेले आडनाव मूळ उच्चारापासून बरेच दूर गेलेले असते. उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच कामाचा आहे. प्रत्येक व्यक्तीसाठी एक स्वतंत्र पान करावे आणि त्यावर तिचे नाव देवनागरी, रोमन आणि हिब्रू अशा तिन्ही लिप्यांत, ज्या कागदात ज्या रूपात आले त्या रूपात, कागदाच्या तारखेसह लिहीत जावे. ऑनलाइन शोध घेताना या सर्व रूपांनी शोधावे. एका रूपाने काही सापडले नाही म्हणून ‘नोंद नाही’ असे कधीही लिहू नये.

याच्या उलट चूकही टाळली पाहिजे. ‘कर’ आडनाव हे गावाचे असते, जातीचे नसते. पेणकर, नागावकर किंवा दिवेकर हिंदूंमध्येही आहेत आणि मुसलमानांमध्येही. शिवाय एकाच गावाचे आडनाव लावणारी दोन बेने इस्रायल घराणी एकमेकांच्या रक्ताच्या नात्यातली असतीलच असे नाही. आडनावाने गावाची दिशा कळते, नाते सिद्ध होत नाही.

चौथी पायरी: गाव ठरवणे आणि महसुली दप्तर वाचणे

गाव ठरवताना तालुका आणि जुना जिल्हाही लिहावा. आजचा रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा होता, तेव्हा जुन्या कागदांतील ‘जि. कुलाबा’ याचा मुंबईच्या कुलाब्याशी संबंध नाही. परदेशातील संशोधक येथे हमखास चुकतात. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन हा भाग १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता, त्यामुळे तेथील जुने कागद ब्रिटिश जिल्ह्याच्या दप्तरात मिळणार नाहीत. अलिबागच्या आसपासचा मुलूख १८४० च्या सुमारापर्यंत आंग्र्यांकडे होता. एकाच नावाची गावे हीसुद्धा एक अडचण आहे. नागाव अलिबागेतही आहे आणि उरणातही. शहापूर अलिबाग तालुक्यात आहे आणि ठाणे जिल्ह्यात त्या नावाचा तालुकाच आहे. शंका असल्यास आजीच्या बोलण्यातील शेजारच्या गावांची नावे, नदी, बंदर किंवा बाजाराचे ठिकाण यांवरून निर्णय करावा.

बेने इस्रायल लोक कोकणात तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हटले जाई. पण अनेकांकडे भातशेती, वाडी आणि घरठाणही होते, आणि जमीन जेथे आहे तेथे वारस नोंद आहे. सातबारा उतारा आज कोणाच्या नावावर आहे, हे आपल्या दृष्टीने दुय्यम आहे. महत्त्वाचा आहे तो फेरफार, म्हणजे गाव नमुना सहा. खातेदार मरण पावल्यावर त्याच्या जागी कोणाची नावे लागली, ते त्याचे कोण लागत होते, कोणी हक्क सोडला, लग्न झालेल्या बहिणीचे नाव कोणत्या गावच्या सासरसह आले, कोण ‘परदेशी गेला आहे’, हे सर्व एका फेरफाराच्या चार-सहा ओळींत असते. एका नोंदीत दोन पिढ्या मिळतात, आणि सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेल्या फेरफार क्रमांकांच्या मागे मागे गेल्यास आणखी मिळतात.

कामाचा क्रम असा ठेवावा. आधी तलाठी, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या कार्यालयात गावाचे नाव आणि आडनाव सांगून जुने गट किंवा सर्व्हे क्रमांक मिळतात का पाहावे. गावातील वयस्कर शेतकऱ्यांना ‘इस्रायलांची वाडी’ किंवा ‘इस्रायलांचा मळा’ कोणता, हे पुष्कळदा ठाऊक असते, आणि तो रस्ता कार्यालयापेक्षा जवळचा पडतो. क्रमांक मिळाल्यावर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जुने सातबारे, फेरफार आणि हक्कनोंदणीचे कागद यांच्या नकलांसाठी अर्ज करावा. जुन्या सर्व्हे क्रमांकाचा नवा गट क्रमांक कोणता, हे सांगणारा तक्ताही तेथेच मागावा, नाहीतर पुढचा सर्व शोध दुसऱ्याच्याच जमिनीत होतो. काही जिल्ह्यांचे जुने अभिलेख शासनाने स्कॅन करून ऑनलाइन ठेवले आहेत, तेव्हा प्रवास करण्यापूर्वी ते पाहून घ्यावेत. अलिबाग, पेण, पनवेलसारख्या ठिकाणच्या इस्रायल आळीतील घरांसाठी सातबारा नसेल तर नगर भूमापन कार्यालयातील मिळकत पत्रिका मागावी.

त्याच अर्जात गाव नमुना चौदाची, म्हणजे कोतवाल बुकाची, चौकशी करावी. जन्ममृत्यूच्या या नोंदी गावोगाव ठेवल्या जात आणि त्यांत नावासमोर जात लिहिलेली असे. ‘इस्रायल’, ‘बेने इस्रायल’, ‘यहुदी’, कधी ‘तेली’ असेही लिहिलेले सापडू शकते, म्हणून जातीच्या रकान्यावर विसंबून पाने उलटू नयेत. प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टरही असेच उपयोगी पडते. जन्मतारीख त्यात अनेकदा अंदाजाने लिहिलेली असते, पण वडिलांचे नाव आणि जन्मगाव सहसा बरोबर असते.

हे जुने कागद मोडीत असतील. छायाप्रत घेऊन मोडीच्या जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे, किंवा पुराभिलेख विभागाचे मोडी प्रशिक्षण वर्ग भरतात तेथे स्वतःच शिकावे. नावे आणि नाती ओळखण्यापुरती मोडी काही आठवड्यांच्या सरावाने येते, संपूर्ण दस्त सफाईने वाचायला अर्थातच जास्त काळ लागतो. गावाची सामाजिक पार्श्वभूमी समजून घेण्यासाठी १८८३ च्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमधील बेने इस्रायलांवरील भाग वाचावा, मात्र त्यातील मतांकडे वसाहतकालीन अधिकाऱ्यांची मते म्हणूनच पाहावे.

पाचवी पायरी: मशिदीच्या नोंदवह्या

ज्यूंच्या विवाहासाठी भारतात स्वतंत्र विवाह कायदा नाही, त्यामुळे जुन्या विवाहांचा मुख्य पुरावा सिनेगॉगकडे असतो. मुंबईतील शाआर हाराहमीम ही जुनी मशीद, पनवेलचे १८४९ चे बेथ एल, ठाण्याचे १८७९ चे शाआर हाशामाईम, अलिबागचे मागेन आबोथ, रेवदंड्याचे बेथ एल, पुण्यातील रास्ता पेठेतील सुक्कथ शेलोमो, अशी बेने इस्रायलांची सिनेगॉग आहेत. पुण्यातील लाल देऊळ बगदादी ज्यूंनी बांधलेले आहे. पण तेथे बेने इस्रायलही प्रार्थनेला जात, म्हणून ते यादीतून वगळू नये. कोणत्या मशिदीशी घराणे जोडलेले होते हे केतूबेवरून किंवा घरच्यांच्या आठवणीवरून ठरवावे आणि विश्वस्तांना लेखी विनंती करावी. विनंतीत नातेसंबंध, अंदाजे वर्ष आणि नेमके काय हवे ते लिहावे. ‘आमच्या घराण्याची सर्व माहिती द्यावी’ अशा पत्राला उत्तर न मिळणे स्वाभाविक आहे, कारण अनेक ठिकाणी आता दोन-चार माणसेच सगळा कारभार पाहतात. नोंदवहीत मुकादम (प्रमुख), गबाई (खजिनदार), हझान (प्रार्थना चालवणारा) यांची नावे आणि सह्या दिसतील. त्याही टिपाव्यात, कारण साक्षीदार आणि पदाधिकारी बहुधा सोयरेच असतात. भिंतींवरील देणगीच्या पाट्या आणि आसनांवरील नावे यांचीही छायाचित्रे घ्यावीत.

सहावी पायरी: दफनभूमी आणि थडग्यांवरील तारखा

मुंबईत वरळीची डॉ. ई. मोझेस रस्त्यावरील दफनभूमी बेने इस्रायलांची आहे, तर चिंचपोकळीची बगदाद्यांची. कोकणात नवगाव, अलिबाग आणि इतर गावांत जुन्या दफनभूमी आहेत. जुन्या कबरींवर अनेकदा लेख नसतो. जेथे आहे तेथे मराठी, हिब्रू आणि इंग्रजी असा तिन्ही भाषांतील मजकूर आढळतो, आणि तिन्हींतील माहिती सारखीच असेल असे धरून चालू नये. मराठीत घरचे नाव आणि आडनाव, इंग्रजीत नोकरी किंवा हुद्दा, आणि हिब्रूत ‘बेन’ (मुलगा) किंवा ‘बत’ (मुलगी) या शब्दानंतर वडिलांचे नाव येते. अशा वेळी एकच दगड मागे सांगितलेला नावांचा तक्ता भरून देतो.

हिब्रू तारीख वाचायला शिकणे कठीण नाही. प्रत्येक अक्षराला संख्या आहे. आलेफ एक, बेत दोन, योद दहा, कोफ शंभर, रेश दोनशे, शिन तीनशे, ताव चारशे. थडग्यावर वर्ष लिहिताना पाच हजारांचा आकडा बहुधा गाळतात. ताव, रेश, पे, हे अशी अक्षरे असतील तर ४००, २००, ८० आणि ५ मिळून ६८५ होतात, म्हणजे हिब्रू वर्ष ५६८५. त्यातून ३,७६० वजा केल्यास १९२५ येते. मात्र हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होते, त्यामुळे तिश्री, हेश्वान, किस्लेव या महिन्यांतील मृत्यू बहुधा १९२४ मधला असेल. पंधरा आणि सोळा या संख्या नऊ अधिक सहा, नऊ अधिक सात अशा लिहितात. हिब्रू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून इंग्रजी तारखेशी एका दिवसाचा फरक दिसल्यास गोंधळू नये. मराठी मजकुरात शके असल्यास त्यात ७८ मिळवावेत, आणि जानेवारी ते मार्चमधील तारखांसाठी ७९.

दगड वाचण्यासाठी सकाळचे किंवा संध्याकाळचे तिरपे ऊन उत्तम असते. शेवाळ साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने काढावे. तारेचा ब्रश, आम्ल, खडू यांपैकी काहीही वापरू नये. पावसाळ्यात कोकणातील दफनभूमींत गवत कमरेएवढे वाढते, म्हणून दिवाळीनंतर जावे. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, आणि सण टाळून, विश्वस्तांची परवानगी घेऊन जावे. आपल्या पूर्वजाच्या शेजारच्या चार कबरींचीही छायाचित्रे घ्यावीत, कारण कुटुंबे बऱ्याचदा जवळजवळ पुरली जातात.

सातवी पायरी: मुंबई, पलटण आणि नोकरी

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बेने इस्रायल मुंबईत येऊ लागले आणि मुंबईच्या देशी पायदळात त्यांच्यापैकी अनेक जण सुभेदार, सुभेदार-मेजर झाले. घरात पदक, सनद किंवा निवृत्तिवेतनाचा कागद असेल तर पलटणीचा क्रमांक आणि वर्ष दोन्ही टिपावे. १९०३ आणि १९२२ मध्ये पलटणींचे क्रमांक बदलले, त्यामुळे नुसत्या क्रमांकावरून चुकीची पलटण गाठली जाते. लष्करी आणि प्रशासकीय कागदांसाठी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसचे दप्तर, आणि मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागार पाहावे. मृत्युपत्रे आणि वारसा प्रकरणांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे दप्तर आहे. मुंबई महानगरपालिकेकडे जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी आहेत, मात्र विभाग आणि वर्ष ठाऊक नसल्यास हा शोध फार रेंगाळतो. माझगावची शाळा, जी हाईम सॅम्युएल केहीमकर यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झाली आणि पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली, तिच्यात मुंबईतील अनेक बेने इस्रायल मुले शिकली. कुटुंबाची एखादी शाखा रेल्वे, तार खाते किंवा सैन्यामुळे कराची किंवा एडनला गेली असेल, तर ती माहिती वेगळ्या पानावर ठेवावी. फाळणीनंतर कराचीतून मुंबईमार्गे पुढे गेलेल्या कुटुंबांच्या जन्मस्थळाच्या नोंदी पुष्कळदा विसंगत असतात.

आठवी पायरी: इस्रायलमधील नोंदी

तेथील नातेवाइकाच्या मदतीशिवाय हे काम होत नाही, कारण हयात व्यक्तींची किंवा अलीकडे वारलेल्यांची माहिती फक्त जवळच्या वारसांना मिळते. लोकसंख्या नोंदणी कार्यालयातून नोंदीचा उतारा मागितल्यास आईवडिलांची नावे, पूर्वीचे नाव आणि देशात प्रवेशाची तारीख कळू शकते. यरुशलेममधील मध्यवर्ती झायोनिस्ट पुराभिलेखागारात ज्यूइश एजन्सीची, म्हणजे स्थलांतराची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेची, कागदपत्रे आहेत. इस्रायलचे राज्य पुराभिलेखागार वेगळे आहे, आणि दोन्हीकडे वेगवेगळा अर्ज करावा लागतो. इस्रायलमधील दफनसंस्थांच्या, म्हणजे हेव्रा कदिशांच्या, अनेक संकेतस्थळांवर नाव घालून कबर शोधता येते. तेथे हिब्रू लिपीतच, आणि आडनावाची दोन-तीन रूपे करून शोधावे. ज्यूइशजेन हे वंशावळीचे संकेतस्थळ आणि इस्रायल जीनिऑलॉजी रिसर्च असोसिएशन यांचे संग्रह इंग्रजीतून शोधता येतात, पण त्यांत बेने इस्रायलांच्या नोंदी युरोपीय नोंदींच्या मानाने विरळ आहेत.

प्रवेशाच्या तारखेबाबत एक सूचना. १९५२ मध्ये भेदभावाच्या तक्रारीवरून काही बेने इस्रायल कुटुंबे इस्रायलमधून भारतात परत आली आणि त्यांतील बरीच पुढे पुन्हा इस्रायलला गेली. एकाच कुटुंबाचे दोन प्रवेश आढळल्यास ती दोन वेगळी कुटुंबे समजू नयेत. परतल्यावर जन्मलेल्या मुलाचे जन्मस्थळ मुंबई आणि त्याच्या मोठ्या बहिणीचे बेर शेवा असणे मग विसंगत वाटत नाही.

इस्रायलमधील बेने इस्रायल समाजाचे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक आहे. अशा नियतकालिकांतील निधनवार्ता, लग्नाच्या बातम्या आणि आठवणी यांतून सोयरीक समजते आणि पुढे कोणाला पत्र लिहावे हेही कळते.

डीएनए चाचणीविषयी

ही चाचणी शेवटी करावी, किंवा न केली तरी चालेल. बेने इस्रायल समाजात शतकानुशतके आपसांतच विवाह झाले, त्यामुळे दोन व्यक्तींच्या डीएनएमध्ये सामाईक भाग प्रत्यक्ष नात्यापेक्षा जास्त दिसतो आणि संगणक दूरच्या भावंडांना जवळचे ठरवतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात या समाजाच्या पूर्वजांत मध्यपूर्वेतील यहुदी आणि भारतीय असे दोन्ही अंश असल्याचे दिसून आले. हा निष्कर्ष संपूर्ण समाजाविषयी आहे, त्यावरून कोणाच्याही पणजोबांचे नाव कळत नाही. इस्रायलमध्ये अशा चाचण्यांवर कायद्याची बंधने आहेत, तेव्हा तेथील नातेवाइकाला संच पाठवण्यापूर्वी चौकशी करावी.

नववी पायरी: मांडणी

प्रत्येक दुव्याखाली त्याचा आधार लिहावा: कोणता कागद, कोणत्या कार्यालयातील, कोणत्या तारखेचा, मूळ पाहिला की नक्कल. ज्या दुव्याला फक्त तोंडी आधार आहे तो तुटक रेषेने दाखवावा. बहुतेक घराण्यांत कागदांचा माग एकोणिसाव्या शतकात, फार तर अठराव्याच्या अखेरीस, संपतो. तेथे थांबण्याची तयारी असावी. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांची परंपरा समाजाने जपली आहे आणि तिचे स्मारकही तेथे उभे आहे, पण आपल्या पणजोबांपासून त्या जोडप्यांपर्यंत रेषा ओढून देणारी जी तयार वंशवृक्षे फिरतात, त्यांना आधार विचारावा. आधार नसेल तर ती परंपरा म्हणून वेगळ्या पानावर नोंदवावीत. जुन्या कागदांत गोरे इस्रायल (आईवडील दोन्हीकडून बेने इस्रायल) आणि काळे इस्रायल (मिश्र संबंधांतून आलेले मानले गेलेले) असा भेद दिसू शकतो. तो अभ्यासासाठी टिपावा, पण हयात व्यक्तींच्या नावासमोर लिहून सार्वजनिक करू नये. ऑनलाइन वंशवृक्षात हयात माणसांची नावे आणि जन्मतारखा खासगी ठेवाव्यात. पूर्ण झालेल्या पानांची एक छापील प्रत मराठीत भारतातील शाखेकडे आणि एक हिब्रू लिप्यंतरासह इस्रायलमधील शाखेकडे पाठवावी. दुरुस्त्या तेथूनच येतात, आणि त्या आल्या की त्याच पानावर तारीख घालून चढवाव्यात.